आण्णांची अकरा पावलं

जावयानं सासुरवाडीला यावं, ताट येईपर्यंत पेपर वाचावा, तांबडा रस्सा दोनदा मागून घ्यावा आणि जाताना डबा भरून न्यावा, याबद्दल आक्काची काहीच तक्रार नव्हती. पण जावयानं सासूच्या वडलांना पाचपैकी दीड तारा द्यावा आणि तो छापून आणावा, असली वागणूक तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. नात्यागोत्यात जावई तऱ्हेतऱ्हेचे होते. एकजण सासऱ्याची सायकल घेऊन गेला तो परत आला नव्हता. एकजण लग्नाच्या पंगतीत रुसून माळ्यावर जाऊन बसला होता आणि त्याला शिडी लावून उतरवावं लागलं होतं. पण दीड तारा देणारा हंबीररावांच्या आधी कोणी झाला नव्हता.

बरं, हे त्यांच्या तोंडावर बोलायचीही सोय नव्हती. आक्काच्या माहेरची रीत अशी, की सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, तिरकं बसायचं आणि जे काय सांगायचं ते घरातल्या एखाद्या वस्तूला सांगायचं. जावयानं ते ऐकायचं. लेकीच्या, म्हणजे निशाच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत आक्का हंबीररावांविषयी आधी स्टोव्हशी बोलली, मग गॅसच्या शेगडीशी, आणि आता फ्रीजशी. फ्रीज तिला त्यातल्या त्यात बरा वाटायचा. मधूनमधून घुर्र करून हुंकार तरी द्यायचा.

हंबीरराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाला एरवी साखर होते, नाहीतर कुंड्यांचा नाद लागतो. हंबीररावांना मूकपट लागले. साल दोन हजार चार. जुने बिनआवाजाचे सिनेमे सीडीवर येऊन चपलांच्या दुकानाशेजारीसुद्धा मिळायला लागले होते. हंबीरराव त्या तबकड्या आणत, चार-चारदा बघत आणि दर गुरुवारी एका साप्ताहिकात ‘तबकडीचा दर्जा’ नावाचं सदर लिहीत. सिनेमा चांगला की वाईट हे ते लिहीत नसत. “ते काळानं ठरवलेलं आहे. मी फक्त माल तपासतो,” असं ते म्हणत, टेंडरमधले पाईप तपासताना जो आवाज लावायचे, त्याच आवाजात. चित्र स्वच्छ आहे का, वेग बरोबर आहे का, कडा कापल्यात का, मागं वाजवलेलं संगीत सोसवतं का, हे बघून ते शेवटी तारे काढायचे. कोल्हापुरात राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत आक्काच्या घरी तो अंक फुकट यायचा आणि भाकरीच्या दुरडीत अंथरला जायचा. एरवी ते तारे भाकरीखाली पडून राहायचे आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग ‘पागेचा शिलेदार’ आला.

हा मूकपट कोल्हापुरातच काढलेला, आक्काच्या जन्माच्या सहा वर्षं आधी. गोष्ट अशी, की एक शिलेदार गवळ्याच्या वेशात गडात शिरतो आणि दरवाजा उघडतो. आता गवळी दाखवायचा तर म्हशी पाहिजेत, आणि म्हशी पाहिजेत तर त्या ज्याचं ऐकतात तो माणूस पाहिजे. म्हणून शहराच्या जुन्या भागातल्या गंगावेशीतनं आक्काच्या वडलांना, आण्णांना, तीन म्हशींसकट नेलं होतं. आण्णा खांद्यावर घागर घेऊन म्हशींबरोबर पडद्यावर अकरा पावलं चालतात, वळून बघतात आणि संपलं. ही अकरा पावलं गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत आक्काच्या घरात वाढत गेली होती. तिच्या तोंडून ऐकणाऱ्याला वाटावं की गड आण्णांनीच घेतला, शिलेदार आपला सोबतीला होता.

तिनं स्वतः तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. ती सात वर्षांची असताना आण्णा गेले. फोटो नाही. एकदा फोटोवाल्याला बोलावलं होतं, तर नेमकी म्हैस व्याली आणि आण्णा गोठ्यातनं बाहेरच आले नाहीत. फोटोवाला भावाचा फोटो काढून गेला. चेहरा आक्काच्या डोळ्यांपुढनं कधीच पुसून गेला होता. राहिली होती ती चाल. पंचगंगेवरनं म्हशी धुऊन परत येताना आण्णा म्हशीच्या खांद्याला खांदा लावून चालायचे, घाई नाही, आळस नाही, आणि घागरीतलं दूध हलायचं नाही. आक्का मागनं त्यांच्या पावलावर पाऊल टाकत यायची. एवढीच तिची इस्टेट, आणि ती सीडीवर आली असं कळल्यावर तिनं अख्खी गल्ली बोलावली.

माणसं चपला काढून जिन्यापर्यंत बसली. शेजारची विठाबाई पुढं पाट मांडून बसली, कारण तिला लांबचं दिसत नव्हतं आणि जवळचं सोडवत नव्हतं. केबलवाला भाऊसो वायरी जोडायला आला तो लाडवासाठी थांबला. आक्का नऊवारी नेसून खुर्चीवर, देवळात बसावं तशी.

“आता बघा,” ती म्हणाली. “घागरीकडं ध्यान ठेवा.”

गडाचा दरवाजा दिसला. मागं कुणीतरी बँडमधला सिंथेसायझर आणून टिंगटिंग वाजवत होता. आणि एकदम डावीकडनं तीन म्हशी शेळ्यांसारख्या टुणटुण उड्या मारत आल्या, त्यांच्याबरोबर एक माणूस गुडघे उचलून दुडूदुडू पळत आला, घागर खांद्यावर खुळखुळ्यागत नाचत होती, आणि त्या माणसाला मिशीच्या वर डोकंच नव्हतं. कंपनीनं पडदा भरावा म्हणून चित्र मोठं केलं होतं, त्यात आण्णा नाकापासून वर कापले गेले होते. तीन-चार सेकंदांत ते आले आणि गेले.

मग जिन्याकडनं कोणीतरी फुसकन हसलं आणि त्यानंतर सगळेच.

“आक्का,” विठाबाई डोळे पुसत म्हणाली, “तुमच्या वडलांस्नी कुठली गाडी धरायची होती का काय?”

आक्कानं उठून टीव्ही बंद केला, त्यावर भरतकामाचं झाकण घातलं आणि लाडू वाटले. ते असे वाटले की घेणाऱ्याला तेराव्याला आल्यासारखं वाटावं.

याच्यावर गुरुवारी तो अंक आला. आक्काची शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या वर्गात जायच्या दिवशी म्हैस हरवली आणि सापडेपर्यंत शाळा राहूनच गेली. त्यामुळं ती अक्षर अक्षर लावून वाचायची, आणि अपमान अक्षर अक्षर लावून वाचला की दुप्पट लागतो. ‘वेग सदोष. चौकट सदोष. संगीत असह्य. विशेषतः गवळ्याची पळापळ हास्यास्पद. दीड तारा.’

रविवारी हंबीरराव जेवायला आले. आक्कानं पदर घेतला आणि फ्रीजकडं तोंड केलं.

“गवळी हास्यास्पद म्हणं,” ती फ्रीजला म्हणाली. “ज्या गवळ्याच्या लेकीच्या हातचा रस्सा दोनदा लागतोय, तो गवळी.”

“आई, तारे वडिलांना नाहीत, तबकडीला आहेत,” हंबीरराव ताटाकडं बघत म्हणाले. बाहेर लिहितात तसंच ते घरात बोलत. “तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला सोळा चित्रं पडायची. आताचं यंत्र पंचवीस दाखवतं. म्हणजे चालणारा माणूस पळायला लागणारच. दोष कंपनीचा आहे.”

“मग कंपनीचं नाव लिवायचं. गवळ्याचं कशाला लिवलं?”

फ्रीज घुर्र झाला. हंबीररावांनी भाकरीचा तुकडा मोडला. ‘हास्यास्पद’ हा शब्द त्यांना आवडला होता आणि तो कुठंतरी बसवायचा होता.

“आण्णांची चाल सरळ झाल्याबिगर,” आक्का फ्रीजला म्हणाली, “ह्या घरात तांबडा रस्सा होणार न्हाई. पांढरा बी न्हाई. सांगून ठिवते.”

इथून पुढं जे झालं त्याला हंबीररावांना आवडलेला तो एक शब्द जबाबदार आहे, असं निशा अजून म्हणते.

बातमी गल्लीत पसरली, आणि गल्लीत सल्ला देण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. विठाबाईचं म्हणणं, सीडी ही शेवटी थाळीच. राख लावून घासली की सरळ चालेल. तिनं घासूनच दिली. त्यानंतर त्या सीडीत आण्णा तर सोडाच, गडसुद्धा दिसेना. दुसरी आणावी लागली. कोणी म्हणालं टीव्ही दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणून पळतायत; फिरवला. आण्णा तेवढ्याच वेगानं उत्तरेला पळाले.

भाऊसोचा सल्ला सगळ्यांत शास्त्रोक्त होता. तो केबलच्या धंद्यातला, त्याला विजेचं कळायचं. “आक्का, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंखा हळू फिरतोय का न्हाई?”

“फिरतोय.”

“मिक्सर हळू फिरतोय का न्हाई?”

“फिरतोय की.”

“मग सीडी बी फिरायचीच वस्तू हाय.”

हे आक्काला पटलं. पण नेमकं त्या आठवड्यात व्होल्टेज भरपूर. कोल्हापुरात एरवी सात वाजता दिवे शेणाच्या गोवरीसारखे धुमसायचे, ते आता लखलखीत. मग भाऊसोनं सांगितलं की व्होल्टेज आपणच पाडायचं. आक्कानं गिझर लावला, इस्त्री लावली, मिक्सर रिकामाच फिरवला. विठाबाईनं आपल्या घरातली पाण्याची मोटर चालू केली. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी आपलं वाफेचं भांडं लावलं, कारण त्यांनाही बघायचंच होतं. पंखा खरोखर मंदावला. सगळे टीव्हीपुढं सरकले. म्हशींचे पाय दिसले. आणि खांबावर फाट्कन आवाज होऊन नववी गल्ली अंधारात गेली.

वायरमन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. कारण काय लिहू म्हणाला. आक्का म्हणाली, “वडील लई जोरात पळत होतं, त्यांना हळू करत होतो.” त्यानं ‘जादा भार’ असं लिहिलं.

मग तिनं ठरवलं की रीतसर जायचं. ग्राहकांच्या तक्रारी घ्यायची एक कचेरी होती. निशाला घेऊन ती तिथं गेली. खिडकीतल्या माणसानं फॉर्म पुढं ओढला.

“वस्तू काय?”

“सीडी.”

“दोष कशात?”

“चालण्यात.”

“सीडी चालत नाही?”

“सीडी चालतीया. आमचं वडील चालत न्हाईत. पळत्यात.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “वडील कुठं असतात?”

“वारलं.”

“मग पळतात कसे?”

“तेच तर इचारायला आलोय पावणं.”

अर्ध्या तासानं त्याला सगळं समजलं, आणि हे त्याचं कौतुक म्हणावं लागेल. पण सरकारी माणसाला एकदा समजलं की कागद वाढतात. तो म्हणाला, वस्तू मूळ नमुन्याप्रमाणं नाही अशी तुमची तक्रार आहे, म्हणजे मूळ नमुना पाहिजे. वडील मुळात किती वेगानं चालत होते याचा दाखला सक्षम अधिकाऱ्याच्या सहीनं, दोन प्रतींत. शिवाय वारसाचा दाखला, कारण चालीवर हक्क सांगणारे आणखी कोणी निघायला नकोत.

“तुमच्या वडलांच्या चालीचा दाखला हाय का तुमच्याकडं?” आक्कानं विचारलं.

त्या माणसानं फॉर्म उलटून मागची बाजू बघितली. “नाही,” तो म्हणाला. “काढून ठेवायला पाहिजे होता.”

परत येताना रिक्षात आक्काच्या डोक्यात ‘मूळ नमुना’ हे दोन शब्द बसले होते.

तेवढ्यात ‘पागेचा शिलेदार’ दुसऱ्या कंपनीनं काढला. ‘पुनर्जीवित आवृत्ती’, जाड डबा, आत पुस्तिका. हंबीररावांनी धावतपळत सदर लिहिलं. चित्र निर्मळ, चौकट पूर्ण, संगीत सुसह्य, वेग किंचित मंद पण भारदस्त. चार तारे. अंक आणि डीव्हीडी दोन्ही घेऊन ते रविवारी हजर झाले आणि ताटावर असे बसले की आता रस्सा आलाच.

आक्कानं डीव्हीडी लावायला सांगितली. गड उजळून निघाला. म्हशी आल्या, चिखलातनं याव्यात तशा पाय उपसत. आणि त्यांच्या बाजूनं आण्णा आले; या वेळी डोक्यासकट. कपाळ, डोळे, नाक, फेटा, सगळं जिथल्या तिथं. आक्का बघत राहिली. पासष्ट वर्षांनी ती तो चेहरा बघत होती.

“हे आमचं आण्णा न्हवंत,” ती फ्रीजला म्हणाली.

“आई, असं काय करतीस,” निशा म्हणाली.

“घागर बघ. आण्णा कधी डाव्या खांद्यावर घागर घेत न्हवतं. डाव्या अंगाला म्हस असायची त्यांच्या. आनि ही मागची बाई बघ. पदर कुठल्या खांद्यावरनं गेलाय? उजव्या. ती दुसरी? उजव्या. गडावरच्या समद्या बायका पदर उलटा घेत्यात व्हय? आन् शिपाई बघ. समद्यांच्या तलवारी डाव्या हातात. एवढी फौज, आनि त्यात एक बी उजवा माणूस न्हाई?”

निशानं डीव्हीडी मागं नेऊन पुन्हा लावली. खरंच. कंपनीनं अख्खा सिनेमा उलटा छापला होता, बनियन उलटा घालावा तसा. मधल्या मजकुराच्या पाट्या नव्यानं करून घातल्यामुळं तेवढ्या सरळ होत्या आणि त्यावर हंबीरराव फसले होते. त्यांनी चार वेळा बघितला होता. चष्मा पुसून पाचव्यांदा बघितला.

“चार तारं,” आक्का फ्रीजला म्हणाली, आणि इतक्या थंडपणे म्हणाली की फ्रीज घुर्र करायचा थांबला. “डोकं न्हाई तर दीड. उलटं टाळकं लावलं तर चार.”

हंबीरराव त्या दिवशी पिठलं खाऊन गेले. जाताना डबाही मागितला नाही. पण माणूस हाडाचा हेडक्लार्क. चूक सापडली की झोप येत नाही. तिसऱ्या दिवशी ते प्रसेनजीतला घेऊन आले. प्रसेनजीतचं बाराव्या गल्लीत लग्नाच्या कॅसेटी जोडून देण्याचं दुकान होतं. चाळिशीचा, शांत माणूस. तीनशे लग्नं त्यानं कॉम्प्युटरवर सरळ केली होती.

“उलटं हाय ते सुलटं करणं एका बटनाचं काम हाय, आक्का,” तो म्हणाला. “वेग बी पाहिजे तसा देतो. नवरीचं रडणं मी हळू करतो, पंगती पळवतो. पण वेग किती, ते मला सांगा.”

“सोळा,” हंबीरराव म्हणाले. “पुस्तकात आहे.”

“पुस्तकवाला आलता का गंगावेशीत?” आक्का फ्रीजला म्हणाली. “कॅमेरा हातानं फिरवायचं न्हवं? मग हात एखाद्या दिवशी दुखत आसंल. एखाद्या दिवशी न्ह्यारी कमी झाली आसंल. सोळा कशावरनं?”

हंबीररावांना हे पुस्तकातसुद्धा मिळालं होतं, की त्याची खात्री देता येत नाही. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

“मूळ नमुना पायजे,” आक्का म्हणाली. “आन् तो हाय आपल्याकडं.”

माणसाची चाल पिढीगणिक बदलते, बूट आले की बदलते, नोकरी लागली की बदलते. म्हशीची बदलत नाही. आण्णांच्या त्या तीन म्हशींपैकी एकीचा वेल आक्काच्या माहेरात अजून चालू होता. कृष्णात, तिच्या भावाचा मुलगा, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रोज संध्याकाळी त्याच वेलातल्या हरणीची धार काढून गिऱ्हाइकाला जागेवर पेलाभर पाजायचा. हरणी चालेल तसं चित्र चालवायचं. म्हैस जुळली की आण्णा आपोआप जुळतील. यात काय चूक आहे हे प्रसेनजीत दोन दिवस शोधत होता. त्याला सापडली नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता हरणी बाराव्या गल्लीत हजर झाली. कृष्णातनं तिला अख्ख्या शहरातनं चालवत आणली होती, शिंगांना तेल लावून, कारण राजारामपुरीत जायचं होतं. प्रसेनजीतनं टीव्ही दुकानाच्या फळीवर रस्त्याकडं तोंड करून ठेवला. नववी गल्ली बाराव्या गल्लीत येऊन उभी राहिली. विठाबाईनं पाट आणला होता. आक्का दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसली. फ्रीज नव्हता, म्हणून तिनं बोलण्यासाठी कॅमेऱ्याची तिपाई जवळ ओढून घेतली. हंबीरराव घड्याळ, वही आणि इस्त्रीची पँट अशा तयारीनं आले होते.

पहिल्यांदा हरणी चाललीच नाही. टीव्हीतल्या म्हशी बघून ती उभी राहिली आणि ओळखीचं कोणी भेटल्यासारखं नाक पुढं करून हंबरली. मग चालली, पण डांबरी रस्ता पायाला लागेना म्हणून नाजूक चालली. प्रसेनजीतनं आकडा बदलून बघितला.

“ही गाभण म्हस हाय,” आक्का तिपाईला म्हणाली. “आनखी वाढीव.”

वाढवला.

“ही चोराची हाय. कमी.”

असं तासभर चाललं. क्लासला जाणारी पोरं सायकली टेकवून बघत होती. कृष्णातचं तोंड सुकलं, तो चहाला जातो म्हणाला आणि कासरा जवळच्या जबाबदार माणसाच्या हातात दिला. जबाबदार माणूस म्हणजे हंबीरराव. त्यांनी तो मनगटाला दोन वेढे घालून घेतला, फाईलला नाडी बांधावी तसा.

आता एक गोष्ट कृष्णातनं सांगायची राहिली होती, कारण गंगावेशीत ती सांगावी लागत नाही. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. पुढं मालकाची सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल फाडफाड करत जाते आणि मागनं म्हैस तिच्या आवाजावर जीव खाऊन पळते. हरणी दोन वर्षं पहिली आली होती.

तेवढ्यात क्लासच्या एका मास्तरांनी आपली गाडी चालू केली. त्या गाडीला पुंगळी नव्हती.

हरणीनं मान वर केली. मग हरणी दिसायची बंद झाली आणि तिच्या मागं हंबीरराव दिसायचे बंद झाले. गल्लीच्या टोकाला दोघं वळले तेव्हा पुन्हा दिसले: पुढं मोटारसायकल, मास्तर मागं बघून आणखी जोरात, मागं म्हैस, आणि म्हशीमागं एकोणतीस वर्षं शुद्ध बोललेला माणूस, गुडघे छातीपर्यंत, कोपरं पंख्यागत, एक बूट हवेत, “आरं धर की गा हिला कुनीतरी, हात निघंना झालाय माझा,” असं ओरडत.

बारावी गल्ली हसून हसून कठड्यांना टेकली. प्रसेनजीतनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

“आक्का,” विठाबाई पाटावरनं म्हणाली, “जावईबापूंना बी गाडी धरायचीय का काय?”

आक्का एकटी हसत नव्हती. ती त्या वळणाकडं बघत होती. ते दुडूदुडू पाय, ती नाचणारी कोपरं. हे तिनं आधी पाहिलं होतं, आणि तेव्हाही गल्ली अशीच हसली होती.

“हसू नगा, विठाबाई,” ती म्हणाली. “माणूस हास्यास्पद न्हाई. वेग चुकलाय त्याचा.”

विठाबाई गप्प झाली. मग बाकीचेही एकेक करून झाले.

पाऊण तास गेला. मास्तर म्हणे टाकाळ्याच्या चौकापर्यंत गेले आणि तिथं पेट्रोल संपलं. गाडी थांबली तशी हरणी थांबली, आणि हरणी थांबली तसे हंबीरराव थांबले. मग गल्लीच्या टोकाला ते दोघं दिसले. हरणी दमली होती, हंबीरराव त्याहून. एक बूट पायात, एक हातात. कासरा ढिला पडला होता. धरायची गरज उरली नव्हती. त्यांचा उजवा खांदा मोकळा होता आणि डावा त्यांनी हरणीच्या खांद्याला टेकवला होता, कारण टेकवला नसता तर ते पडले असते. दोघं एका लयीत येत होते. घाई नाही, कारण त्राण नव्हतं. आळस नाही, कारण घरी पोचायचं होतं.

आक्का खुर्चीवरनं उठली.

“प्रसेनजीत,” ती म्हणाली, “लाव. त्यांच्याकडं बघ आनि लाव.”

प्रसेनजीतनं चित्र सुलटं केलं, एक डोळा रस्त्यावर आणि एक पडद्यावर ठेवून आकडा हळूहळू सरकवला. टीव्हीतल्या म्हशीचा पाय उचलला गेला तेव्हा हरणीचाही उचलला. टेकला तेव्हा टेकला. आण्णा दरवाजातनं निघाले, उजव्या खांद्यावर घागर, डावा खांदा म्हशीला लावून. एक पाऊल, दोन, तीन. आक्का ओठातल्या ओठात मोजत होती. घागरीतलं काही हलत नव्हतं. नऊ. दहा. अकराव्या पावलाला आण्णा वळले आणि थेट रस्त्याकडं बघितलं, मागनं कोणी येतंय का बघावं तसं. आणि संपलं.

“चौदा आला की आकडा,” प्रसेनजीत हळूच म्हणाला. “सोळा न्हवं.”

हंबीरराव तोवर पायरीपर्यंत पोचले होते. त्यांनी बूट खाली ठेवला, वही उघडली, ती बंद केली आणि मान खाली घालून उभे राहिले. आक्कानं डोक्यावर पदर ओढला. तिपाईकडं बघायच्या ऐवजी तिनं ती पायानं बाजूला सारली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“पळताना दीड तारा, जावईबापू,” ती म्हणाली. “परत येताना साडेचार. उरलेला अर्धा म्हशीचा हाय, तो मागू नका. चला आता घरला, रस्सा टाकते.”